बाराखडी पाठ आहे, पण ‘दिवा’ वाचता येत नाही: खेळातून वाचन कसं शिकवावं

सगळी अक्षरं ओळखणारं, बाराखडी एका दमात म्हणून दाखवणारं पोर ‘दिवा’ वाचायला बसलं की ‘इदवा’ म्हणतं. घरचे म्हणतात, लक्ष नाही. लक्ष आहे म्हणूनच तसं वाचतंय! डावीकडून उजवीकडे, जसं दिसतं तसं. बालवाडीच्या मुलांना शिकवताना माझीही गाडी इथेच अडायची, म्हणून या लेखातला बराचसा मजकूर वेलांटीवरच आहे. बाकीच्या पायऱ्या सोप्या आहेत. चार ते सहा वर्षांच्या मुलांसोबत, दिवसातून दहा मिनिटं, तीही मूल कंटाळण्याआधी संपवायची.

आधी कान

पाटी-पेन्सिल नको. भाजी निवडताना शब्दांच्या भेंड्या खेळा. ‘चि-म-णी’ म्हणत टाळ्या वाजवा. पिशवीत बटाटा, बशी, बटण, चमचा टाका आणि ‘ब’चं काय काय आहे ते चाचपून काढायला सांगा. मुलानं ‘चाक’ आणि ‘चार’ वेगवेगळ्या गटांत टाकले तर रागावू नका. दोन्हींतला च आपण खरोखरच वेगळा उच्चारतो. त्याचा कान तयार आहे, एवढाच त्याचा अर्थ.

मग अक्षरं

अ-पासून ज्ञ-पर्यंत क्रमानं जायचं खूळ सोडा. मुलाच्या नावातली अक्षरं आधी, मग म, क, र, न, ग, त, द, प, घ, ळ, म्हणजे लगेच शब्द जुळायला लागतात. घ आणि ध, भ आणि म एकाच आठवड्यात आणू नका. अंगणात किंवा गच्चीत खडूनं टिक्करचे चौकोन आखून त्यांत अक्षरं लिहा आणि लंगडी घालत वाचायला लावा. ल आणि श मात्र दोन्ही वळणांचे दाखवा. राज्य शासनानं २००९ साली मराठी वळणं प्रमाण ठरवली, तरी मोबाइलवर आणि पाट्यांवर दुसरी वळणं सर्रास दिसतात.

दहाएक अक्षरं झाली की थेट शब्द: घर, नळ, मग, गरम. ‘घ... र...’ असं तोडून विचारू नका, सलग म्हणा. शेवटचं अक्षर आपण तोडकं बोलतो. मुलानं ‘घर-अ’ असा हेल काढला तर ओळखीचा शब्दही त्याला परका वाटतो.

काना आणि वेलांटी: इथे थांबा

बाराखडी पाठ करून घेणं म्हणजे वाचन शिकवणं नव्हे, हे मी भांडूनही सांगेन. ‘क का कि की’ म्हणणाऱ्या मुलाला मधलंच ‘कि’ दाखवा, ते मनातल्या मनात ‘क’पासून सुरुवात करतं. ‘ग ला काना गा’ ही घोकणी तर वाचताना पूर्ण बंद. तेवढं म्हणेपर्यंत पुढचं अक्षर आणि शब्द दोन्ही डोक्यातून जातात.

त्याऐवजी एकच चिन्ह घ्या आणि ते वेगवेगळ्या अक्षरांना लावा. आइसक्रीमची चपटी काडी हा आपला काना. पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांवर ग आणि र लिहा. गर. काडी ग नंतर ठेवली की गार. तीच उचलून र नंतर ठेवली की गरा, फणसाचा. दोन्हीकडे काडी ठेवली की गारा, पावसातल्या. काडी मुलानंच हलवायची, आपण हात मागे बांधून बसायचं. दुसऱ्या दिवशी त आणि र घ्या: तर, तार. मग ‘तरा’ करा. मूल हसतं आणि म्हणतं, असं काही नसतं! असे निरर्थक शब्द मुद्दाम करा. अर्थाचा शब्द अंदाजानंही सांगता येतो, ‘तरा’ मात्र वाचावाच लागतो.

कान्यानंतर पहिली वेलांटी येते, असं सगळी पुस्तकं सांगतात. मी दुसरी आधी घेते. ती अक्षराच्या नंतर येते, त्यामुळे कान्याचीच सवय पुढे चालते: परी, दरी, खीर. शिवाय मराठी शब्दाच्या शेवटी जवळपास नेहमी दुसरीच असते, ‘आणि’सारखे थोडे अपवाद सोडले तर.

दुसरी पक्की झाली की मग पहिली. ती दिसते अक्षराच्या आधी आणि ऐकू येते नंतर. सगळा घोळ इथेच आहे. जाड कागदाची वेलांटी कापा, वरचा वाक अक्षरावर पोचेल इतकी मोठी. आधी फक्त द ठेवा आणि म्हणायला लावा: ‘द’. मग डावीकडून वेलांटी आणून तिचा वाक द वर टेकवा: ‘दि’. पुढे वा. दिवा. अक्षर आधी, वेलांटी मग, हा क्रम हातात बसला पाहिजे. छापील शब्दातही बोट आधी द वर ठेवायचं, वेलांटीवर नाही. शिडी, किती, मिरची, पिवळा. दोन-तीन आठवडे एवढंच केलं तरी चालेल.

या काळात दोन गोष्टी टाळा. ‘इदवा’ म्हटल्यावर ‘चूक’ म्हणू नका, बोट उचलून द वर ठेवा, बस्स. आणि ह्रस्व-दीर्घाचा पाठ आत्ता काढू नका. आपल्यापैकी कितीजण बोलताना तो फरक पाळतात? ते लिहिण्याच्या वेळी बघू.

पुढचं

उकार आणि मात्रा याच पद्धतीनं, फारसा त्रास देत नाहीत. जोडाक्षरांना हात लावू नका, ती शाळेत येतील. शेजारचं मूल वर्तमानपत्र वाचतंय म्हणून घायकुतीला येऊ नका. २०२१ साली सुरू झालेलं केंद्राचं निपुण भारत अभियानसुद्धा समजून वाचता येण्यासाठी तिसरीपर्यंतचा काळ धरतं.

रोजचं वाचन दारातच आहे: किराणा दुकानाची पाटी, एसटीवरची गावांची नावं, मसाल्याच्या पुड्या. पुड्यांवर आणि पाट्यांवर जोडाक्षर आलं तर तेवढं तुम्ही वाचा, बाकीचं त्याला वाचू द्या.