घोडीला म्हशीचा हिशेब लावू नका : शिमगा ते मिरगासाठी सल्ला

कोल्हापुरात ज्याच्या दारात गाडीच्या शर्यतीची घोडी आहे, त्याच्या गोठ्यात म्हैस असतेच. माज ओळखणं, भरवणं (नर दाखवणं), वार (जार) पडायची वाट बघणं हे सगळं आपण म्हशीवर शिकलो आणि तेच घोडीवर चालवतो. घोडी गाभण राहत नाही म्हणून माझ्यासारख्या जनावरांच्या डॉक्टरकडं येणाऱ्यांचा घोटाळा बहुतेक वेळा इथंच सुरू झालेला असतो.

म्हैस दिवस लहान व्हायला लागले की खुलते, दिवाळीपासून तिचा जोर. घोडीचं बरोबर उलटं. आपल्याकडं डिसेंबरात दिवस ११ तासांचा आणि जूनमध्ये १३ तासांच्या वर, एवढा फरक तिला पुरतो. पण संक्रांतीनंतरचे पहिले माज फसवे असतात. दहा-पंधरा दिवस घोडी नरापुढं शेपूट वर करून उभी राहते आणि बीज काही सुटत नाही. त्या माजात नर दमवू नका. रेसच्या स्टड फार्मवर दिवे लावून हंगाम अलीकडं ओढतात, कारण रेसच्या घोड्याचं वय १ जानेवारीपासून मोजतात. गाडीच्या घोडीला ती घाई कशाला?

शिमग्याच्या सुमारास चक्र बसतं. साधारण २१ दिवसांनी माज, तो ५ ते ७ दिवस टिकतो आणि बीज सुटतं ते माज संपायच्या दिवस-दोन दिवस आधी. सकाळी माज दिसला की संध्याकाळी भरवली, हा म्हशीचा हिशेब इथं चुकतो. सोनोग्राफीची सोय नसेल तर माजाच्या तिसऱ्या दिवसापासून दिवसाआड भरवा, घोडी नराला लाथा झाडेपर्यंत. गाभणकाळ सुमारे ३४० दिवसांचा, म्हणजे वर्षाला २५ दिवस कमी. १५ मार्चला भरवलेली १८ फेब्रुवारीच्या आसपास व्याते. जुलैत भरवली तर शिंगरू ऐन मिरगाच्या चिखलात पडतं. राधानगरी-गगनबावड्याकडच्या पावसात असलं शिंगरू जगवणं फार जिकिरीचं.

अडचण अशी की हाच काळ यात्रांचा. चैत्रात गावोगाव शर्यती, आणि घोडी तर माजावर. दोन्ही साधायला जाणाऱ्याला मी सरळ सांगतो, एक काहीतरी ठरवा. उन्हात दौडल्यावर घोडीचं अंग तापतं आणि त्या तापाचा फटका बीजाला आणि कोवळ्या गर्भाला बसतो. भरवल्यावर पहिला दीड महिना दुपारची दौड नको, टेम्पोतला लांबचा प्रवास नको. सकाळी गारव्यात हलकी चाल चालेल. ताकदीची म्हणून दिलेली हार्मोनची इंजेक्शनं तर वेगळाच विषय. अशी घोडी नरासारखी वागते, दुसऱ्या घोड्यांच्या अंगावर जाते आणि माज बंद होतो. पुढं कित्येक महिने तो परत येत नाही. डॉक्टरला हे लपवू नका, मी काय पोलिसात जाणार नाही.

मागं कागलकडची एक काळी घोडी आली होती. पळायला एक नंबर, पण दोन वर्षं राहिना. तीन ठिकाणी औषधं झालेली. मी तिला फक्त अंगणात दुडक्या चालीनं फिरवायला सांगितलं. प्रत्येक पावलाला मागून 'फस्स' असा आवाज. शेपूट उचलून बघितलं तर निरण (योनीचं तोंड) उभं असायचं ते वरून आत ओढलेलं, आणि त्यावर लिदीचा बारीक थर. हवा आणि लीद थेट आत जात होती. शर्यतीच्या उतरलेल्या, हडकुळ्या घोडीत हे बरंच दिसतं, कारण तिथली चरबी गेलेली असते. वरचा भाग टाके घालून बंद करायचा छोटा इलाज त्यावर आहे. आधी गर्भपिशवी साफ करायची, मग टाके. फक्त व्यायच्या दोन-तीन आठवडे आधी ते उघडायला विसरू नका, नाहीतर फाटतं.

म्हणून भरवण्याआधी एकदा पिशवीची तपासणी करून घ्या. म्हैस उलटली (भरवूनही परत माजावर आली) की पिशवीत औषध सोडायची आपल्याला सवय आहे. घोडीत स्वॅब (पिशवीतला बोळ्यावरचा नमुना) न घेता तसं काही सोडू नका. भरवल्यावर पिशवीला थोडी सूज प्रत्येक घोडीला येते, चांगली घोडी एक-दोन दिवसांत ती स्वतः निस्तरते. म्हातारीला जमत नाही, पाणी साचतं. डॉक्टर सलाईननं पिशवी धुऊन ऑक्सिटोसिन (पिशवी आवळायला लावणारं औषध) देतात. ते काम त्यांचंच, म्हशीसाठी ठेवलेली बाटली घोडीला वापरायची नाही.

भरवल्यापासून १४ ते १६ दिवसांत सोनोग्राफी कराच. म्हशीचं मशीन चालतं. जुळं दिसलं तर त्याच वेळी एक गर्भ हातानं दाबून काढता येतो. जुळं ठेवलं तर बहुतेक दोन्ही जातात. दुसरी तपासणी महिन्याच्या आत. ३५ दिवसांनंतर गर्भ गेला तरी घोडी पुढं तीन-चार महिने नीट माजावर येत नाही आणि हंगाम हातचा जातो.

खाण्याचं थोडक्यात. फक्त हायब्रीड नेपिअर आणि वर गव्हाचा भुसा (कोंडा) यावर घोडीची हाडं पोकळ होतात, चुन्याचं प्रमाण बिघडतं. सुकं गवत हवंच, बुरशीचा कडबा नको. बरगड्या हाताला लागाव्यात, डोळ्यांना दिसू नयेत.

यात्रेहून आलेली घोडी तीन आठवडे गाभणीपासून लांब बांधा. हर्पिस या विषाणूचा गर्भपात शेवटच्या महिन्यांत काही न दाखवता होतो. पाचव्या, सातव्या आणि नवव्या महिन्यातल्या लसीचं डॉक्टरांशी बोला. पावसाळ्यात गोमाशा वाढल्या आणि ताप येऊन-जाऊन राहिला तर सर्रा (गोमाशांतून पसरणारा रक्तातल्या जंतूचा आजार) तपासा, त्यानंही घोडी गाभडते.

व्यायच्या रात्री घड्याळ बघा. पाणमोट फुटल्यापासून २०-३० मिनिटांत शिंगरू बाहेर यायला हवं. पांढऱ्याऐवजी लाल मखमली पिशवी आधी दिसली तर डॉक्टरची वाट न बघता ती फाडा आणि शिंगरू ओढा. शिंगरानं तासात उभं राहावं, दोन तासांत चीक प्यावा. वार तीन तासांत पडली पाहिजे. म्हशीसाठी सकाळपर्यंत थांबतो तसं थांबलात तर विष अंगात भिनून टापा जातात, आणि शर्यतीची घोडी तिथंच संपते. रात्र असली तरी डॉक्टरला उठवा. वार ओढायची नाही, गाठ मारून वर बांधायची. पडली की जमिनीवर पसरून बघा. विजारीसारखा आकार असतो, दोन्ही पायांची टोकं शाबूत हवीत. डॉक्टर येईपर्यंत बादलीत पाणी घालून झाकून ठेवा, कुत्र्यांनी पळवली तर तुकडा आत राहिलाय का ते सांगता येत नाही.