गच्चीवरचं पाणी अंगणातल्या विहिरीत कसं सोडावं

मे महिन्यात नागपुरात कुणाकडेही जा, बोलणं दोनच गोष्टींवर येतं: पारा कितीवर गेला आणि नळ किती वाजता गेले. घरात दोन कूलर घरघरत असतात. मोठ्या कूलरची टाकी नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, दिवसातून दोनदा भरावी लागते, म्हणजे शंभर-दीडशे लिटर पाणी नुसतं हवेत उडतं. ते पाणी येतं कुठून? बरंचसं पेंच नदीचं. तोतलाडोह धरण, त्याखाली नवेगाव खैरीचं, मग गोरेवाड्याला शुद्धीकरण आणि तिथून आपल्या नळाला. बाकीचं कन्हान नदीचं. वर मध्य प्रदेशात पेंचवर चौराई धरण झालं आणि तोतलाडोहात उतरणारं पाणी घटलं. २०१९च्या जुलैत, म्हणजे ऐन पावसाळ्यात, शहराला एक दिवसाआड पाणी घ्यावं लागलं ते अजून बायकांच्या तोंडून जात नाही.

आणि याच शहरात २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि लोकांच्या पलंगांपर्यंत पाणी चढलं. म्हणजे पाऊस आपल्याकडे पडतो. वर्षाला साधारण हजार मिलिमीटर, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर.

महाल, सीताबर्डी, धरमपेठ अशा जुन्या वस्त्यांत कितीतरी अंगणांत अजून विहिरी आहेत. कुणी फरशी टाकून झाकली, कुणी निर्माल्य टाकून भरत आणली. आमच्या धरमपेठच्या घरीही एक होती, कूलरच्या स्टँडखाली झाकलेली. तिच्याकडे न बघता आम्ही आधी बोअर मारली. दोनशे वीस फुटांपर्यंत पांढरी धूळ उडाली, पाणी नाही. पश्चिम नागपूर काळ्या बेसाल्टवर बसलेलं आहे. या खडकात पाणी राहतं ते वरच्या कुजलेल्या मुरुमात आणि भेगांत. बोअरला भेग लागली तर लागली, नाहीतर नुसती दगडाला भोकं. विहिरीचा पसारा मोठा असतो, चारी बाजूंनी झिरपलेलं थेंब-थेंब ती गोळा करते. म्हणून अंगणात विहीर असेल तर बोअरवाल्याला बोलावण्याआधी खालची कामं करून बघा. मे महिन्यात सुरुवात करावी, कारण तेव्हा विहिरीत पाणी सगळ्यात कमी असतं आणि मिस्त्रीही मोकळे असतात.

आधी मोजा

सुतळीला दगड बांधून विहिरीत सोडा. दगड पाण्याला लागला की सुतळी कठड्यापाशी चिमटीत धरा, वर काढा, टेपने मोजा. मग तळापर्यंत सोडून पुन्हा मोजा. दोन्ही आकडे तारखेसकट भिंतीवर खडूने लिहून ठेवा. वही हरवते, भिंत हरवत नाही.

आता दोन सोपे हिशोब. विहिरीचा व्यास फुटांत घ्या, त्याला त्याच आकड्याने गुणा, मग २२ने गुणा. एक फूट उंचीच्या पाण्यात किती लिटर, ते निघतं. सहा फूट व्यासाची विहीर असेल तर ६ × ६ × २२, म्हणजे जवळपास ८०० लिटर. दहा फूट पाणी असलं तर आठ हजार.

दुसरा हिशोब गच्चीचा. हजार चौरस फूट गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की ९३ लिटर पाणी होतं. वर्षाचा हजार मिलिमीटर धरला आणि उडून, सांडून, पहिल्या धुण्यात जाईल ते पाचवा हिस्सा सोडला, तरी ७४ हजार लिटर उरतात. दहा हजार लिटरचे सात टँकर, तेही दारात. मी हा आकडा पहिल्यांदा काढला तेव्हा चूक झाली असं वाटून दोनदा तपासला.

विहीर उपसून घ्या

आमच्याकडे गाळ काढायला आलेल्या म्हाताऱ्याने कठड्यावरून डोकावून सांगितलं, "काकाजी, विहीर आटली नाही, बुजून राहिली." खरंच, तळाशी चार फूट गाळ निघाला. त्यात नारळाच्या करवंट्या, देवाचे फुटके फोटो, एक तांब्याचा गडवा आणि माझ्या लहानपणी हरवलेला रबरी बॉल. गाळ गेल्यावर दोन बाजूंचे झरे उघडे पडले. बोटाएवढी धार, पण धार.

इथे एक गोष्ट गांभीर्याने घ्या. वर्षानुवर्षं झाकलेल्या विहिरीत तळाशी हवा कोंदट असते, प्राणवायू कमी असू शकतो. एक जण बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघंही जातात, अशी बातमी दर उन्हाळ्यात कुठून ना कुठून येतेच. म्हणून झाकण काढून विहीर दोन दिवस उघडी ठेवा आणि उतरण्याआधी ब्लोअरने आत हवा सोडा. कंदील सोडून बघतात. तो विझला तर कुणीच उतरायचं नाही, पण जळत राहिला म्हणजे विषारी वायू नाहीच असंही समजू नका. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर हवा आणि दोराला वर दोन माणसं. डिझेलचा पंप विहिरीत उतरवून चालवू नका, त्याचा धूर आतच साठतो. हे काम रोज करणाऱ्यांनाच द्या. घरच्या पोराला "जा रे जरा खाली" म्हणू नका.

गच्ची आणि पाइप

गच्चीवरच्या मोडक्या खुर्च्या, कबुतरांची विष्ठा, वाळवणाचे उरलेले मणी, सगळं झाडून काढा. पाणी खाली आणणाऱ्या पाइपांची तोंडं जाळीने झाका. ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप पुरतो. दोन-तीन पाइप असतील तर खाली आडव्या पाइपने एकत्र आणा, पण उतार ठेवा. सपाट पाइपात पानं अडकतात.

खाली, गाळणीच्या आधी, दोन व्हॉल्व्ह लावा: एक बाहेर बागेकडे, एक गाळणीकडे. मृगाचे पहिले दोन-तीन पाऊस बाहेर सोडायचे, म्हणजे उन्हाळाभराची धूळ धुऊन निघते. त्यानंतर बाहेरचा बंद आणि गाळणीचा उघडा. पावसाने आठवडाभर दडी मारली तर पुढच्या सरीला पुन्हा तेच.

पहिल्या वर्षी मी हा खर्च वाचवला. गाळणी नाही, व्हॉल्व्ह नाही, पाइप थेट विहिरीत. जुलैत पाणी मस्त चढलं, शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. ऑगस्टमध्ये वास येऊ लागला, असा की मोटर लावली की बायको खिडक्या लावून घ्यायची. कबुतरांच्या विष्ठेचं पाणी होतं ते. पूर्ण विहीर पुन्हा उपसावी लागली, म्हणजे वाचवलेले पैसे दुपटीने गेले.

गाळणीचा टाका

हा सगळ्या कामाचा जीव आहे. विहिरीपासून चार-पाच फुटांवर तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि चार फूट खोल असा विटांचा टाका बांधून आतून प्लास्टर करा. तळातून विहिरीकडे जाणारा पाइप काढा आणि त्याच्या तोंडाला जाळी बांधा. मग खालून वर भरत या:

- तळाला एक फूट मोठे दगड, हाताच्या मुठीपेक्षा मोठे
- त्यावर नऊ इंच ४० मिलिमीटरची गिट्टी
- त्यावर सहा इंच २० मिलिमीटरची गिट्टी
- मग नायलॉनची जाळी, आणि तिच्यावर नऊ इंच जाड रेती

वरचा एक फूट मोकळा राहिला पाहिजे, तिथे पाणी थांबून झिरपतं. गिट्टी आणि रेती भरण्याआधी धुवा. मिस्त्री "गरज नाही" म्हणेल. गिट्टीची भुकटी मग विहिरीत जाऊन बसते. रेती सहा-सात पोती लागते. बारीक घेऊ नका, ती दोन पावसांत चोंदते. (आमची रेती कन्हानची होती. जी नदी आपल्याला पाणी पाजते तिचीच रेती उपसून आपण पाणी गाळतो, हे पोती उतरवताना मला जरा लागलं.) कोळशाचा थरही सांगतात. मी टाकला नाही. तो वेळोवेळी बदलावा लागतो आणि माझ्यासारखा माणूस बदलत नाही.

टाक्याच्या वरच्या कडेला, बाहेरच्या बाजूने, सांडपाइप ठेवा. जोराचा पाऊस, ताशी ५० मिलिमीटरचा म्हणा, हजार फुटांच्या गच्चीवरून मिनिटाला ७५ लिटरहून जास्त पाणी खाली आणतो. गाळणीला ते नेहमी झेपणार नाही. जास्तीचं बागेत जाऊ द्या, पायऱ्यांवर नको.

विहिरीत सोडताना

पाइप कठड्यावरून तसाच लोंबकळत ठेवला तर पाणी धबधब्यासारखं पडून तळ ढवळतं. पाइप आत खालपर्यंत न्या, भिंतीला क्लिपांनी पकडा आणि टोकाला बाक देऊन तोंड विहिरीच्या मध्याकडे ठेवा, म्हणजे भिंतीचे दगड उखडणार नाहीत. विहिरीवर लोखंडी जाळीचं झाकण हवंच. पोरं, मांजरं आणि पानं, तिघांसाठी.

अंगणाचं, पार्किंगचं, रस्त्याचं पाणी कितीही मोह झाला तरी आत घेऊ नका. त्यात ऑइल असतं. आणि विहिरीपासून पन्नास फुटांच्या आत सेप्टिक टँक किंवा फुटकी गटारलाइन असेल तर आधी ती दुरुस्त करा.

हे पाणी कशाला वापरायचं

कूलर, फरशी, बाग, गाडी, संडास. एवढ्यावरच नळाच्या पाण्याची केवढी तरी बचत होते. पिण्याला वापरायचं मनात असेल तर आधी तपासणी करून घ्या. पाणी स्वच्छ दिसतं म्हणून ते स्वच्छ असतं असं नाही. नायट्रेट आणि जिवाणू डोळ्यांना दिसत नाहीत. निर्जंतुक करायचं तर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम चांगल्या ब्लीचिंग पावडरचा हिशोब धरतात. पावडर थेट टाकू नका. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ विहिरीत सोडा आणि किमान तासभर मोटर लावू नका. पाणी गढूळ असेल तर हा हिशोब चालत नाही.

दर वर्षीचं काम

मेमध्ये वरची रेती काढून धुवायची, जाळ्या बघायच्या, व्हॉल्व्ह फिरवून बघायचे. अर्ध्या दिवसाचं काम. आणि भिंतीवरचे आकडे चालू ठेवायचे. आमच्या भिंतीवर पहिल्या मे महिन्याचं पाणी ३१ फुटांवर आहे आणि गाळणी बसवल्यानंतरच्या ऑक्टोबरचं १२ फुटांवर. पुढच्या मेमध्ये ते पुन्हा खाली गेलं, २६ फुटांवर. ज्यांना विहीर ही टाकी वाटते ते इथे नाराज होतात. भरलेलं पाणी तसंच का राहत नाही, म्हणून विचारतात. ते मुरुमातून, भेगांतून पुढे सरकतं. कुठे सरकलं ते मला बाजूच्या बंगल्यातल्या भाऊंनी सांगितलं. त्यांची विहीर आमच्यापेक्षा खालच्या अंगाला आहे आणि यंदा त्यांची मोटर दहा मिनिटं जास्त चालते. त्यांनी एक पाइपसुद्धा लावलेला नाही. या मेमध्ये रेतीची पोती त्यांच्याकडून घ्यायची असं ठरलंय.