बिटाचा रस पिऊन पळायचं, तर आधी घड्याळ आणि तोंड सांभाळा

जळगावच्या मेहरुण तलावावर दर हिवाळ्यात एखादा नवा गडी वेग वाढावा म्हणून बिटाच्या रसाची लाल बाटली घेऊन येतो. पळायच्या दहा मिनिटं आधी ती घटाघटा रिकामी करतो, दुसऱ्या फेरीला पोट धरून कठड्यावर बसतो आणि "बीट-बिट काही खरं नाही भो" म्हणत घरी जातो. मीही पहिल्या वर्षी हेच केलं होतं, म्हणून हसायचा हक्क मला नाही. पण दहा मिनिटं आधी प्यायचा सल्ला या लोकांना देतं कोण, ते एकदा कळायला हवं.

बिटात नायट्रेट असतं, सगळी गंमत त्याची. 2009 साली इंग्लंडच्या एक्सेटर विद्यापीठात आठ पुरुषांना सहा दिवस रोज अर्धा लिटर रस दिला. ठरावीक वेगाने सायकल मारायला त्यांना कमी ऑक्सिजन लागला, आणि जोर लावून चालवताना पार दमेपर्यंतचा वेळ सुमारे 16 टक्क्यांनी वाढला. हा 16 चा आकडा ऐकून लोक हुरळतात. तो दमेपर्यंतच्या वेळेचा आहे, शर्यतीच्या वेळेचा नाही. ठरावीक अंतर पळताना फरक पडलाच तर एक ते तीन टक्क्यांचा. पाच किलोमीटरला 25 मिनिटं लागत असतील तर 15 ते 45 सेकंद. मुळात तुफान पळणाऱ्यांना त्याहूनही कमी. एवढ्यासाठी खटाटोप नको वाटत असेल तर इथेच थांबा, राग नाही.

रस काढणं सोपं आहे. तीन मध्यम बिटं सोलून, किसून, आल्याचा तुकडा नि थोडं पाणी घालून मिक्सरमधून फिरवा, फडक्यातून पिळा, वर लिंबू. बिटं उकडून ते पाणी फेकू नका, नायट्रेट पाण्यात उतरतं. पहाटे साडेतीनला मिक्सर लावला की अख्खी बिल्डिंग जागी होते, म्हणून रात्रीच काढून बाटली थेट फ्रिजमध्ये ठेवा. आपल्याकडच्या उकाड्यात ती ओट्यावर राहिली तर रसातले जिवाणू नायट्रेटचं नायट्राइट करायला लागतात. तसला रस मोरीत ओता. चोथा थालीपिठात खपतो. कळण्याच्या भाकरीत घालायला मात्र आईने साफ नकार दिला.

आता खरी अडचणीची पायरी: रस प्यायल्यापासून पळायला लागेपर्यंतचे अडीच तास.

नायट्रेट पोटातून रक्तात जातं, तिथून त्यातला साधारण पाव हिस्सा लाळेच्या ग्रंथी ओढून घेतात आणि तो पुन्हा तोंडात येतो. जिभेच्या मागच्या भागावरचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. ती लाळ आपण गिळतो, आणि पुढे शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होऊन रक्तवाहिन्या सैलावतात. एवढा फेरा पूर्ण होऊन रक्तातलं नायट्राइट शिगेला पोचायला दोन ते तीन तास लागतात. म्हणजे सहाची शर्यत असेल तर साडेतीनला प्या. पावणेसहाला प्यायलेला रस शर्यतभर नुसता पोटात डचमळतो.

माझं घड्याळ सुधारलं तरी एक अख्खा हिवाळा वाया गेला. हिरड्या सुजल्या होत्या म्हणून मी सकाळ-संध्याकाळ जंतुनाशक माउथवॉशने गुळण्या करत होतो. दोन महिने रस प्यायलो, वेळेत एका सेकंदाचा फरक नाही. आधी बिटाला शिव्या दिल्या, मग भाजीवाला बदलला, मग चपला-बूट बदलले. चूक रोज तोंडातच घोळत होती. ज्या जिवाणूंनी काम करायचं, त्यांनाच मी दिवसातून दोनदा मारत होतो. माउथवॉशने हा परिणाम मार खातो, हे प्रयोगांतही दिसलेलं आहे. तेव्हा शर्यतीच्या आठवड्यात ती बाटली कपाटात राहू द्या. डॉक्टरांनी हिरड्यांसाठी दिली असेल तर उलट: गुळण्या चालू ठेवा आणि बिटाचा नाद त्या महिन्यापुरता सोडा. रस प्यायल्यावर साध्या पाण्याने चूळ भरली तर हरकत नाही.

दुसरी चूक थुंकण्याची. 2008 च्या एका ब्रिटिश प्रयोगात, रस प्यायल्यावर तीन तास लाळ न गिळता थुंकत राहिलेल्यांच्या रक्तदाबावर रसाचा परिणामच दिसला नाही. तंबाखूची गोळी दाढेत धरून पिचकाऱ्या टाकत वॉर्म-अप करणारे महाभाग आमच्या गटात आहेत. त्यांनी बिटाचे पैसे वाचवावेत.

आणि पोट. पहिल्याच दिवशी मोठा ग्लास घेऊ नका. आठवडाभर अर्धी वाटी, मग वाढवा, आणि शर्यतीच्या दिवशी तर नवं काहीच नको. धुळ्याला सासुरवाडीत रात्री झणझणीत शेवभाजी, पहाटे पोटभर बीट, असा प्रयोग मी केला आहे. लळिंगच्या चढावर बाभळीचा आडोसा शोधताना जो वेग लागला, तो शर्यतीत कधी लागला नाही. आता रसानंतर तासाभराने एक केळं, बाकी काही नाही.

बिटाबिटात नायट्रेट कमी-जास्त असतं, माती-खतावर जातं. म्हणून एकाच ग्लासावर भिस्त न ठेवता मी शर्यतीच्या आधीचे पाच दिवसही रोज घेतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. लघवी गुलाबी-लाल होऊ शकते. सगळ्यांना होत नाही, मला झाली. सकाळी सातला लॅबचं शटर उघडायची वाट बघत उभा होतो, आईचा फोनवर एकच धोशा, "भाऊ, तुले काय व्हयनं?" रिपोर्ट नॉर्मल, रंग बिटाचा. रस बंद करूनही लाली राहिली तर मात्र डॉक्टर गाठा.

मुतखडा होऊन गेला असेल तर हा उद्योग नको, बिटात ऑक्झलेट भरपूर असतं. रक्तदाब कमी राहत असेल, बीपीच्या किंवा छातीदुखीच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ग्लास उचलू नका.

बिटाच्या कॅप्सूल? नायट्रेट किती मिलिग्रॅम ते डब्यावर छापलेलं नसेल तर दुकानदाराला परत द्या. प्रयोगांत एका वेळी साधारण 300 ते 600 मिलिग्रॅम नायट्रेट वापरतात, ते चिमटीभर पावडरीत बसेलच असं नाही. हळदीच्या गोळ्यांनी दुसऱ्या दिवशीचं अंग दुखणं थोडं कमी होतं असं काही अभ्यासांत दिसलं आहे. वेगासाठी घेत असाल तर सोडा. कॉफीचं म्हणाल तर वनस्पतींतून मिळणाऱ्या या सगळ्यांत कॅफीनचा पुरावा सर्वांत पक्का: वजनाच्या दर किलोला 3 मिलिग्रॅम, तासभर आधी. 2004 पासून ते खेळाडूंसाठी प्रतिबंधित पदार्थांच्या यादीतही नाही. पण बीट आणि कॉफी दोन्ही एकाच दिवशी नव्याने सुरू केलं, तर कशाने काय झालं ते कळणार नाही.

कळायचं असेल तर मोजा. एका बुधवारी रस न पिता तलावावर पाच किलोमीटर, पुढच्या बुधवारी रस पिऊन तेवढेच, तीच वेळ, तेच बूट. असं निदान तीन जोड्यांत करा, आणि हे सगळं डिसेंबर-जानेवारीतच उरका. रस न पिता जानेवारीत पळालेला बुधवार आणि रस पिऊन मार्चअखेरीस पळालेला बुधवार शेजारी ठेवलेत, तर बीट हरणारच. तोवर आपल्याकडे सकाळी आठलाच डांबर तापलेलं असतं.