सिम्युलेटरवर गाडीची प्रॅक्टिस: काय अंगात मुरतं आणि काय गाडीतच शिकावं लागतं

लायसनसाठी पहिल्यांदा गाडीत बसलो तेव्हा माझी सहा वर्षं रेसिंग गेम खेळण्यात गेलेली होती. जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगचा तो २०.८ किलोमीटरचा जुना ट्रॅक वळणावळणाने पाठ, कुठे ब्रेक, कुठे थर्ड टाकायचा, सगळं. आणि खरी गाडी पहिल्या दहा मिनिटांत चार वेळा बंद पडली. शिकवणारे सर ओरडले नाहीत, एवढंच म्हणाले, "पायाला कळू दे, घाई करू नकोस." घरी आल्यावर वाटलं की ती सगळी वर्षं वाया गेली. पण चौथ्या दिवशी त्याच सरांनी विचारलं, "खरं सांग, आधी कुठे चालवलीयस का गाडी? तुझी नजर बॉनेटवर नसते, बाकीची पोरं पहिले पंधरा दिवस बॉनेटच बघत असतात." म्हणजे काहीतरी आलं होतं, फक्त मी समजत होतो ते नव्हतं. तेव्हापासून मी हेच बघत आलोय की गेममधून, म्हणजे घरच्या सिम्युलेटरमधून, नेमकं काय येतं आणि काय येतच नाही. आता शिकायला लागणारे बरेच जण विचारतात म्हणून जे कळलंय ते सगळं लिहून काढतोय.

आधी सामानाचं पटकन सांगतो. कंट्रोलरवर खेळून मजा येते पण गाडी चालवायची सवय लागत नाही, अंगठ्याने वळवलेल्या गाडीचा हातांशी काही संबंध नसतो. स्टिअरिंग व्हील आणि पेडल हवेतच, आणि व्हील ९०० डिग्री फिरणारं हवं, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत अडीच फेऱ्या, कारण साध्या गाड्यांचं स्टिअरिंग साधारण तेवढं किंवा थोडं जास्तच फिरतं. लॉजिटेकचं जी२९ वगैरे सुरुवातीला पुरतं. पैसे जास्त घालायचेच असतील तर व्हीलवर घालू नका, ब्रेकच्या पेडलवर घाला. स्वस्त पेडल पाय किती खाली गेला ते मोजतं, लोड सेलवालं पेडल पायाने किती जोर दिला ते मोजतं, आणि खऱ्या गाडीत आपण ब्रेक जोरावरच मारतो. आणि चाकांच्या खुर्चीवर बसून ब्रेक मारू नका, खुर्ची मागे सरकते आणि पायाला उलटीच सवय लागते.

ज्याकडे कोणीच लक्ष देत नाही ते म्हणजे फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे स्क्रीनवर किती रुंद दृश्य दिसतं तो अँगल. बऱ्याच गेममध्ये हा अँगल आधीपासूनच मोठा ठेवलेला असतो, त्याने सगळं जोरात पळताना दिसतं, आरसे वगैरे एका स्क्रीनमध्ये मावतात पण अंतरं खोटी होतात, वळण आहे त्यापेक्षा लांब वाटतं. साधा हिशोब आहे, २७ इंची स्क्रीन साधारण ६० सेंटीमीटर रुंद असतो, तुम्ही ६० सेंटीमीटरवर बसलात तर आडवा अँगल ५३ डिग्रीच्या आसपास येतो. लावून बघा, पहिले दोन दिवस खिडकीच्या फटीतून बघतोय असं वाटेल पण वळण बरोबर जागेवर दिसायला लागेल. कॅमेरा ड्रायव्हरच्या सीटवरचाच ठेवा, गाडीच्या मागून दिसणारा नको, आणि तुमच्याकडे स्टिअरिंग ज्या बाजूला असतं त्याच बाजूची गाडी घ्या. चुकलं की मागे नेणारं रिवाइंडचं बटण बंद, डॅमेज चालू. आणि रस्त्यावर जी रंगीत लाइन दिसते, जी लाल झाली की ब्रेक मारायचा, ती पहिल्या दिवशीच बंद करा. ती लाइन गाडीच्या थोडीच पुढे असते आणि नजर तिलाच चिकटते.

नजर हीच तर मला गेमने दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट आहे, म्हणून यावर जरा थांबतो. नवीन माणूस गाडीच्या पुढचे पाच-दहा मीटर बघतो, त्याला वाटतं की गाडी तिथे आहे म्हणून तिथेच बघायला हवं. पण ५० च्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते, म्हणजे तो जे बघतोय त्याच्यावर आता काहीच करता येणार नाहीये, ते झालेलं आहे. गेममध्ये हे फार लवकर कळतं कारण वळणाच्या आत शिरल्यावर वळण बघितलं तर तुम्ही बाहेरच जाता, दर वेळी. मग हळूहळू नजर आधी वळणाच्या सुरुवातीला, तिथून आतल्या कडेला, तिथून बाहेर पडायच्या जागेला अशी पुढे पुढे सरकायला लागते आणि हात आपोआप नजरेच्या मागे जातात. दुसरं म्हणजे ज्याच्यावर आदळायचं नाही त्याच्याकडे बघायचं नाही. भिंतीकडे बघितलं की गाडी भिंतीकडेच जाते, हे गेममध्ये मी शेकडो वेळा केलंय. रिकामी जागा शोधून तिकडे बघायची सवय मला तिथेच लागली आणि रस्त्यावर ती रोज उपयोगी पडते.

मग ब्रेक. रेस न करता करायची एक प्रॅक्टिस सांगतो, असेटो कोर्सा किंवा बीमएनजीसारखा गेम घ्या जिथे गाडीचं वजन नीट हलतं, साधी घरगुती गाडी निवडा, सरळ रस्ता घ्या. ५० वर जाऊन एका खुणेपाशी पूर्ण ब्रेक मारा, कुठे थांबलात ते बघा. मग १०० वर जाऊन त्याच खुणेपाशी मारा. कोरड्या चांगल्या रस्त्यावर ५० वरून थांबायला साधारण १२-१३ मीटर लागतात, १०० वरून ५० मीटरच्या आसपास, स्पीड दुप्पट झाला की ब्रेकिंगचं अंतर चौपट. त्यात तुम्हाला धोका कळून पाय ब्रेकवर जायला जो एक सेकंद लागतो तोही मोजा, १०० ला त्या एका सेकंदात अजून २८ मीटर गेले. पुस्तकात हे मी वाचलं होतं, पण स्वतः त्या खुणेच्या इतकं पुढे जाऊन थांबल्यावर जे पोटात येतं ते वाचून येत नाही. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवायची माझी सवय तिथून लागली.

आता एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी सिस्टीम, बंद करून तेच करा. पाय पूर्ण दाबला की पुढची चाकं लॉक होतात आणि मग स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाते. पाय थोडा सोडला की लगेच वळते. कारण टायरकडे ग्रिप ठरावीकच असते, ती सगळी थांबण्यात खर्च केली तर वळायला उरत नाही. हे एकदा हाताने अनुभवलं की एबीएस कशासाठी असतं ते कायमचं डोक्यात बसतं, चाक लॉक होऊ न देता ब्रेक मारत असतानाच वळता यावं म्हणून ते आहे. पण लक्षात ठेवा, खऱ्या गाडीत एबीएस लागलं की पेडल पायाखाली थरथरतं, खडखड आवाज येतो, आणि नवीन माणूस घाबरून पाय काढतो. साध्या गेमिंग पेडलमध्ये ते थरथरणं नसतं. म्हणून रिकाम्या मोकळ्या जागेत, सरांना शेजारी बसवून, खऱ्या गाडीत दोन-तीन वेळा जोरात ब्रेक मारून ते अनुभवाच. पाय काढायचा नाही, दाबूनच धरायचा.

गाडी घसरण्याचं माझं मत मात्र बदललेलं आहे. मला वाटायचं की मागची चाकं सुटली, म्हणजे घसरली, तर मी सहज सांभाळेन, गेममध्ये रोज सांभाळतो. मग मी एक दिवसाचं स्किड ट्रेनिंग केलं, ओल्या केलेल्या गुळगुळीत मैदानावर गाडी मुद्दाम घसरवतात ते. पहिल्या घसरणीला हात बरोबर उलटे फिरले, नजरही जायचं होतं तिकडेच होती, शिकवणारे खूश झाले. पण स्टिअरिंग परत सरळ करायला उशीर झाला आणि गाडी दुसऱ्या बाजूला सटकन फिरली. कारण काय, तर घरी बसून खेळताना गाडी सुटल्याचं आधी डोळ्यांना कळतं, थोडं हातातल्या व्हीलला कळतं. खऱ्या गाडीत ते सगळ्यात आधी कमरेला आणि पाठीला कळतं, सीट खालून सरकल्यासारखी वाटते, डोळ्यांना नंतर दिसतं. माझे हात डोळ्यांची वाट बघत होते. दुपारपर्यंत कमरेकडे लक्ष द्यायला शिकलो तेव्हा जमलं. तर सिम्युलेटरने हातांची हालचाल दिली, ती करायची वेळ खऱ्या गाडीने दिली. आणि हेही सांगायला हवं की हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत स्टॅबिलिटी कंट्रोल असतो, तो तुमच्या आधीच एकेका चाकाला ब्रेक लावून गाडी सरळ करतो, त्यामुळे रस्त्यावर घसरण सांभाळायचं कौशल्य लागण्यापेक्षा घसरेल इतक्या जोरात न जाणं लाखपटीने महत्त्वाचं आहे.

क्लचबद्दल आशा ठेवू नका. गेमिंग पेडलच्या क्लचला स्प्रिंग आहे, बस्स. जिथे इंजिनचा आवाज दबतो, गाडी जराशी हलते, तो हाफ क्लचचा पॉइंट पायाला कळतच नाही. गिअर कुठल्या क्रमाने टाकायचे, क्लच दाबल्याशिवाय गिअर टाकायचा नाही एवढं येतं. माझी गाडी चार वेळा बंद पडली ती यामुळेच.

आणि माणसं. ट्रॅकवर सगळे एकाच दिशेला जातात, कोणी फोनवर बोलत रस्ता क्रॉस करत नाही, पार्क केलेल्या गाडीचा दरवाजा अचानक उघडत नाही, बॉलमागे पोरगं धावत येत नाही. यासाठी रेसिंगपेक्षा सिटी कार ड्रायव्हिंगसारखे गेम बरे, तिथे सिग्नल, पायी चालणारे, लेन, इंडिकेटर सगळं असतं आणि चुकलात की दाखवतं. युरो ट्रक सिम्युलेटर २ मध्ये ट्रेलर मागे घेणं शिका, आरशात बघून रिव्हर्स घ्यायची भीती जाते, मला तरी त्याचा फार उपयोग झाला. पण तिथलं ट्रॅफिक ठरल्याप्रमाणे वागतं. समोरच्या ड्रायव्हरच्या मानेवरून तो आता वळणार आहे हे ओळखणं रस्त्यावरच येतं, शेजारी अनुभवी माणूस बसलेला असताना.

लोक हमखास उदाहरण देतात ते ग्रॅन टुरिस्मो हा रेसिंग गेम खेळून रेसर झालेल्यांचं. ते खरं आहे, गेम खेळणाऱ्यांतून रेसर निवडणाऱ्या निसान आणि प्लेस्टेशनच्या जीटी अकॅडमीतून २००८ साली स्पेनचा लुकास ओर्दोन्येझ निवडला गेला आणि २०११ ला ल मॉन्सच्या २४ तासांच्या शर्यतीत त्याच्या क्लासमध्ये, म्हणजे गाड्यांच्या गटात, दुसरा आला. ब्रिटनचा यान मार्डनबरो २०११ ला निवडला गेला, २०१३ ला तोही तिथे क्लासमध्ये तिसरा आला. पण निवड झाल्यावर त्यांना महिनोन्महिने खऱ्या गाड्यांत बसवून, लहान शर्यतींतून नेऊन तयार केलं होतं, हे सांगताना गाळतात. विमानवाल्यांचंही तसंच, एडविन लिंकने १९२९ ला पायलटसाठी जमिनीवरच सराव करायचं मशीन बनवलं तेव्हापासून ते सिम्युलेटरवर शिकतात, पण तिथे शिकवणारा असतो, ठरवून धडे असतात. आपण घरी एकटे बसतो म्हणून धडा आपणच ठरवायला लागतो. मी बसायच्या आधी वहीत एकच गोष्ट लिहितो, आज फक्त आरसे, आज फक्त सावकाश ब्रेक, आणि वीस मिनिटांत उठतो. सुरुवातीला मळमळलं तर लगेच थांबा, डोळे म्हणतात हलतोय आणि कान म्हणतात बसलोय, त्याने होतं ते, ताणून धरलं तर वाढतंच.

एक काळजी मात्र मनापासून घ्या. जर्मनीतल्या मानसशास्त्रज्ञांनी २००७ साली अभ्यास छापला होता, त्यात रेसिंग गेम खेळल्यावर लोकांची धोका पत्करायची तयारी वाढलेली दिसली. मला स्वतःला हे जाणवलंय, तासभर २०० च्या स्पीडने खेळून लगेच खऱ्या गाडीत बसलो की ६० म्हणजे रांगल्यासारखं वाटतं आणि पाय आपोआप रेस देतो. म्हणून गेम आणि गाडी यांच्यात मी किमान तासभर जाऊ देतो, आणि ज्या दिवशी गाडी चालवायची असते त्या दिवशी शर्यत खेळतच नाही.

मागच्या वर्षी धाकट्या बहिणीला शिकायचं होतं. ती म्हणाली, "दादा, मला ते रेसिंग नको हां." म्हंटलं रेसिंग नाहीच करायचं. दोन आठवडे रोज वीस मिनिटं, शहरातला गेम, साधी गाडी, ४० च्या वर जायचं नाही, प्रत्येक वळणाआधी आरसा, इंडिकेटर, मग ब्रेक, आणि मी शेजारी बसून फक्त विचारायचो की आत्ता कुठे बघतेयस. क्लासला गेली तेव्हा पहिल्याच दिवशी आरसे न सांगता बघत होती आणि रिव्हर्सला बिचकली नाही. गाडी मात्र पहिले दोन दिवस तिचीही बंद पडत होती.