जुना रंग कोरडा घासू नका: घरातल्या शिशाबाबत हमखास होणाऱ्या चुका

गणपतीच्या तोंडावर रंगकाम काढणाऱ्या घरांत एक चूक मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे: खिडकीच्या चौकटींवरचा जुना ऑइल पेंट कोरड्या पॉलिश पेपरने घासला जातो आणि शेजारच्याच खोलीत मूल रांगत असते. घरगुती रंगातील शिसे दशलक्ष भागांत 90 भागांपेक्षा अधिक नसावे, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या, विशेषतः पिवळ्या आणि लाल ऑइल पेंटमध्ये, याच्या कित्येक पट शिसे असू शकते.

एका जुन्या घराचे काम माझ्याच देखरेखीखाली चालले होते. मालकांना दोन दिवसांत सारे उरकून हवे होते, म्हणून मीही घासण्याच्या यंत्राला होकार दिला. संध्याकाळी पाळण्याच्या मच्छरदाणीवर पिवळट धुळीचा थर बसलेला दिसला. आजींनी ती गॅलरीत झटकली आणि केरसुणीने घर झाडून काढले, म्हणजे उरलीसुरली धूळही हवेत उडाली. पुढे बाळाच्या रक्ततपासणीत शिसे वाढलेले निघाले. लहान मुलांच्या पोटात गेलेले शिसे मोठ्यांच्या चार-पाच पट शोषले जाते, हे मला तेव्हा डॉक्टरांकडून कळले.

आता मी पाणी फवारून वॉटर पेपरनेच घासू देतो, खाली प्लॅस्टिक अंथरतो, मूल आणि गरोदर स्त्री यांना काम संपेपर्यंत नातेवाइकांकडे पाठवतो आणि शेवटी जमीन दोनदा ओल्या फडक्याने पुसून घेतो. रंगाचे पोपडे निघत नसतील, तर तो खरवडण्याचा हट्ट मी मुळीच मान्य करत नाही. त्यावरच नवा हात मारावा. ब्लो लॅम्पने रंग जाळून काढण्याचा उतावीळपणा तर सरळ विषारी धुराला आमंत्रण आहे.

बाळाच्या डोळ्यांत सुरमा घालू नये, कारण काही सुरम्यांत शिशाचेच खनिज असते. कल्हई स्वस्तात करून देणाऱ्याच्या कथलात शिसे मिसळलेले असू शकते. भडक पिवळी सुटी हळद मी घेत नाही, कारण तिच्यातही रंगासाठी शिसेयुक्त पदार्थ मिसळलेला असू शकतो.

लक्षणांची वाट पाहणे ही शेवटची चूक. शिसे वाढूनही मूल बहुधा खेळतेच. त्यामुळे शंका आल्यास बालरोगतज्ज्ञांना विचारून शिरेतील रक्ताची तपासणी करावी आणि लोहाची कमतरता आहे का, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे, कारण लोह कमी असल्यास शिसे अधिक शोषले जाते.