ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग एमपीथ्री करताय? या चुका टाळा

विसर्जन मिरवणूक असो की रंगपंचमीची रहाड (रंगाचा मोठा हौद), नाशिकमध्ये ढोल घुमायला लागला की मोबाईल वर होतातच. मग रेकॉर्डिंग ग्रुपवर फिरतं, कुणीतरी त्याची एमपीथ्री करतं आणि स्पीकरवर ताशा पत्र्यासारखा वाजतो. शिव्या स्पीकरला बसतात. दोष बहुतेक वेळा फाइलमध्येच असतो.

एमपीथ्रीची परत एमपीथ्री

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. एमपीथ्री, मोबाईलची एमफोरए, व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोटची ओपस, हे सगळे फॉरमॅट जागा वाचवायला आवाजाचा काही भाग कायमचा काढून टाकतात. एकातून दुसऱ्यात गेलं की उरलेल्यातून आणखी कापलं जातं. कीर्तनात ते पटकन कळत नाही, ताशात लगेच कळतं. एन्कोडर, म्हणजे एमपीथ्री बनवणारा प्रोग्राम, आवाज छोट्या तुकड्यांत मोजतो. काडीचा ठोका तुकड्याच्या मध्ये आला, की त्याची खरखर ठोक्याच्या आधीच्या शांत भागातही पसरते. त्यामुळे 'तड' ऐवजी 'फ्तड' ऐकू येतं.

म्हणून व्हिडिओ मागवताना तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. व्हिडिओ म्हणून पाठवला तर व्हॉट्सॲप तो पुन्हा दाबतं, म्हणजे आणखी कापून लहान करतं. एडिटिंग करायचं असेल तर मधल्या फाइली डब्ल्यूएव्ही किंवा फ्लॅकमध्ये ठेवा (या दोन्हींत आवाज कापला जात नाही) आणि एमपीथ्री अगदी शेवटी, एकदाच काढा. १० मिनिटांची साधी स्टिरिओ डब्ल्यूएव्ही १०० एमबीच्या आसपास जाते. जाऊ द्या, काम झाल्यावर पुसता येते. मूळ फाइल मात्र पुसू नका.

१२८ केबीपीएसची (सेकंदाला १२८ किलोबिट) फाइल ३२० करून 'क्वालिटी वाढवणं' हाही त्याच जातीचा उद्योग. १० मिनिटांची फाइल साधारण ९.६ एमबीवरून २४ एमबी होते, गेलेला आवाज परत येत नाही. तिची फ्लॅक केली तरी तेच. शंका असेल तर ऑडॅसिटी या मोफत ऑडिओ एडिटरमध्ये स्पेक्ट्रोग्राम (कुठल्या उंचीचा आवाज किती आहे ते दाखवणारं चित्र) उघडा. १६ हजार हर्ट्झच्या आसपास सगळं एका सरळ रेषेत कापल्यासारखं दिसलं, तर ती फाइल बहुधा आधी कुठेतरी दाबली गेली आहे, मग तिचं नाव काहीही असो.

ढोल-ताशाला २५६ किंवा ३२० ठेवा. नुसत्या बोलण्याला, प्रवचनाला मोनो (एकच चॅनल) ६४ पुरतं, तासाला २९ एमबीच्या आत.

फाटलेला आवाज

ऑडॅसिटीत दिसणाऱ्या आवाजाच्या लाटेची टोकं वरून सपाट कापलेली दिसली तर रेकॉर्डिंगच फाटलंय, फॉरमॅट बदलून काही होत नाही. पुढच्या वेळी मोबाईल ताशापासून लांब धरा, रेकॉर्डिंग ॲपमध्ये गेन (माइकची संवेदनशीलता) असेल तर कमी करा. रेकॉर्डिंग चांगलं असूनही एमपीथ्री फाटत असेल, तर एक्सपोर्टच्या आधी ऑडॅसिटीच्या नॉर्मलाइझ इफेक्टमध्ये कमाल पातळी उणे १ डीबी (डेसिबल) करा. एमपीथ्री होताना लाटेची टोकं मूळपेक्षा थोडी वर जाऊ शकतात, तेवढी जागा लागते.

नाव बदललं म्हणजे फॉरमॅट बदलला नाही

फाइलच्या नावाच्या शेवटचं एमफोरए खोडून नुसतं एमपीथ्री लिहिलं तर काही प्लेअर आतलं ओळखून वाजवतात, गाडीतला स्टिरिओ मात्र अडून बसतो. विंडोजवर ऑडॅसिटी एमफोरए उघडत नसेल तर एफएफएमपेग (वेगवेगळे फॉरमॅट वाचणारं मोफत सॉफ्टवेअर) याची लायब्ररी टाकावी लागते. एमपीथ्री काढायला आता वेगळं काही लागत नाही.

लय ढिली पडली

ऑडॅसिटीत 'रॉ डेटा' म्हणून फाइल आत घेतली (यात रेट आपणच सांगायचा असतो) आणि सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने, ४८,००० हर्ट्झच्या जागी ४४,१०० निवडला, तर वादन साधारण ८ टक्क्यांनी संथ होतं, ढोलही जाड वाटतो. अशा वेळी 'रीसॅम्पल' दाबू नका, त्याने चुकीचा वेग तसाच राहतो. ट्रॅकच्या नावाच्या मेनूत जाऊन रेट ४८,००० करा.

पेनड्राइव्ह

मंडळाच्या स्पीकरवरचे साधे यूएसबी प्लेअर बहुधा फॅट३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेले पेनड्राइव्हच वाचतात. फॉरमॅट करण्याआधी त्यावरचं सगळं दुसरीकडे काढून घ्या. देवनागरी नावांच्या जागी चौकोन दिसले तर फाइल बिघडलेली नसते, प्लेअरमध्ये अक्षरंच नसतात. नावं रोमनमध्ये द्या. पुष्कळ प्लेअर नावाच्या नाही, कॉपी केल्याच्या क्रमाने वाजवतात. तेव्हा आरती आधी हवी असेल तर ती आधी कॉपी करा.