तीन चेंडूंचा बिलियर्ड्स: जुन्या होम कॉम्प्युटरसारखा खेळ स्वतः कसा लिहावा

१९८० च्या दशकात घरगुती कॉम्प्युटरसाठी स्नूकर, पूल आणि बिलियर्ड्सचे बरेच खेळ निघाले. स्नूकरपटू स्टीव्ह डेव्हिसच्या नावाचा स्नूकर १९८४ मध्ये आला; त्यात टेबल छतावरून पाहिल्यासारखं सपाट दिसायचं. १९९१ मध्ये प्रोग्रॅमर आर्चर मॅक्लीन यांनी स्नूकरपटू जिमी व्हाइटच्या नावाने केलेल्या खेळात टेबलाभोवती फिरता यायला लागलं, आणि तुम्ही फार वेळ विचार करत बसलात तर चेंडू चक्क तोंडं वेंगाडायचे. दिसायला कितीही फरक असला तरी या सगळ्या खेळांच्या पोटात दोनच गणितं आहेत: चेंडू थांबतो कसा, आणि दोन चेंडू आपटले की जातात कुठे. ती जमली की उरलेला खेळ सुट्टीच्या एका दिवसात उभा राहतो. बेसिक, पायथन, जावास्क्रिप्ट, जी भाषा येत असेल ती घ्या.

१. सुरुवात स्नूकरने करू नका

स्नूकरमध्ये पांढरा धरून २२ चेंडू. कोण कोणाला लागला हे पाहायचं तर दर फ्रेमला (पडद्यावरच्या प्रत्येक नव्या चित्राला) २३१ जोड्या तपासाव्या लागतात. बिलियर्ड्समध्ये पांढरा, पिवळा आणि लाल असे तीनच चेंडू, म्हणजे तीन जोड्या. चूक शोधताना हा फरक फार मोठा ठरतो.

रंगांचंही तसंच. झेडएक्स स्पेक्ट्रम या त्या काळच्या होम कॉम्प्युटरच्या पडद्यावर ८ बाय ८ ठिपक्यांच्या एका चौकटीत दोनच रंग मावायचे. हिरव्या कापडावर लाल आणि पांढरा चेंडू शेजारी आले की एकाचा रंग दुसऱ्याला लागायचा. स्नूकरला लागणारे तपकिरी आणि गुलाबी तर त्याच्या आठ रंगांत नव्हतेच. एम्युलेटरवर (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) काम करणार असाल तर हे आधीच लक्षात ठेवा.

शिवाय बिलियर्ड्सशी आपलं नातं जुनं आहे. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ आणि १९६४ मध्ये या खेळाचे हौशी जगज्जेते झाले, मुंबईचे मायकेल फरेरा पुढे तीनदा.

२. टेबल एकदाच काढा

स्पेक्ट्रमचा पडदा २५६ बाय १९२ ठिपक्यांचा. खऱ्या टेबलाची खेळायची जागा ३५६९ बाय १७७८ मिलिमीटर, म्हणजे लांबी रुंदीच्या जवळपास दुप्पट. म्हणून २४० बाय १२० ठिपक्यांचं टेबल घ्या. आता चेंडू: खरा चेंडू ५२.५ मिलिमीटरचा. त्याच प्रमाणात काढला तर तो साडेतीन ठिपक्यांचा होतो, आणि साडेतीन ठिपक्यांत गोल काढता येत नाही. म्हणून प्रमाण मोडायचं: चेंडू ७ ठिपक्यांचा करा, आणि पॉकेटंही त्या मानाने मोठी ठेवा.

टेबल दर फ्रेमला पुन्हा काढू नका. फक्त चेंडू पुसा आणि नव्या जागी काढा. ही युक्ती होम कॉम्प्युटरच्याही आधीची. १९५४ मध्ये मिशिगन विद्यापीठात मिडसॅक नावाच्या यंत्रावर पूलचा खेळ केला होता. ते यंत्र फक्त चेंडू आणि क्यू (मारायची काठी) हलवायचं; टेबल पडद्याच्या काचेवर मेणाच्या पेन्सिलीने हाताने काढलेलं होतं.

३. चेंडू चालवा आणि थांबवा

प्रत्येक चेंडूसाठी चार आकडे ठेवा: जागेचे क्ष आणि य, वेगाचे क्ष आणि य. दर फ्रेमला जागेत वेग मिळवा. जागा दशांशातच ठेवा आणि पूर्णांक फक्त काढताना करा. जागेलाच पूर्णांक केलंत तर हळू चेंडू जागचे हलत नाहीत आणि तिरपे चेंडू वाट सोडतात.

थांबवण्यासाठी बरेच जण वेगाला दर फ्रेमला ०.९९ ने गुणतात. सोपं आहे, पण चेंडू शेवटी गोगलगायीसारखा सरकत राहतो. खऱ्या कापडावर घरंगळणाऱ्या चेंडूचा वेग सारख्या दराने कमी होतो आणि मग चेंडू थांबतो. म्हणून एकूण वेग काढा (दोन्ही वेगांच्या वर्गांची बेरीज, तिचं वर्गमूळ), त्यातून ०.०१ वजा करा आणि त्या प्रमाणात दोन्ही वेग कमी करा. वेग ०.०१ च्या खाली गेला की शून्य. जुन्या यंत्रांवर वर्गमूळ काढायला वेळ लागायचा, म्हणून तिथे गुणाकार चालवून घेत. आज ती अडचण नाही.

फरक लगेच जाणवतो. वेग २ असेल तर चेंडू २०० ठिपके जातो, ४ असेल तर ८००. वेग दुप्पट, अंतर चौपट. हातातल्या फटक्याचा अंदाज यावरच बसतो.

कुशनसाठी (टेबलाच्या रबरी काठासाठी): चेंडूचा मध्य काठापासून साडेतीन ठिपक्यांच्या आत आला आणि चेंडू काठाकडेच जात असेल, तर त्या दिशेचा वेग उलटा करा आणि ०.७५ ने गुणा. ‘काठाकडेच जात असेल तर’ ही अट विसरू नका, नाहीतर चेंडू कुशनवर थरथरत बसतो.

४. टक्कर

इथे घाई करू नका. आधी लागला का ते पाहा: दोन मध्यांमधल्या क्ष-अंतराचा वर्ग अधिक य-अंतराचा वर्ग ४९ (म्हणजे ७ चा वर्ग) पेक्षा कमी असेल तर लागला. वर्गमूळाची गरज नाही.

आता एक उदाहरण कागदावर करून पाहा. पांढरा (१००, ६०) वर, लाल (१०४.२, ६५.६) वर. अंतरं ४.२ आणि ५.६, म्हणजे मध्यांमध्ये बरोबर ७. दोन्ही अंतरांना ७ ने भागलं की ०.६ आणि ०.८ मिळतात, ही झाली धडकेची दिशा. पांढऱ्याचा वेग (५, ०), लाल स्थिर. पांढऱ्याच्या वेगातला या दिशेचा वाटा: ५ × ०.६ + ० × ०.८ = ३. एवढा वाटा पांढऱ्याकडून काढून लालला द्यायचा. लालचा वेग ३ × (०.६, ०.८) म्हणजे (१.८, २.४), पांढऱ्याचा उरला (३.२, −२.४).

ताळा करा. लालचा एकूण वेग ३, पांढऱ्याचा ४, आणि तीनचा वर्ग अधिक चारचा वर्ग म्हणजे पाचचा वर्ग. दोन्ही चेंडूंच्या मार्गांमध्ये बरोबर काटकोन पडतो. सारख्या वजनाच्या दोन चेंडूंमध्ये असंच होतं. तुमच्या प्रोग्रॅमने हे आकडे दिले नाहीत तर पुढे जाऊ नका.

दोन्ही चेंडू चालते असतील तर पांढऱ्याच्या वेगातून लालचा वेग वजा करून हाच वाटा काढायचा. तो ऋण किंवा शून्य आला तर काही करू नका, कारण चेंडू आधीच दूर जात आहेत. मी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा ही अट घातली नव्हती आणि दोन चेंडू एकमेकांना चिकटून टेबलभर फिरत होते. पूर्ण संध्याकाळ कारण शोधण्यात गेली. धडकेनंतर दोन्ही चेंडू मागे ढकलून मध्यांतलं अंतर परत ७ करा.

वेगाने मारलेला चेंडू एका फ्रेममध्ये ६ ठिपके उडी घेतो, आणि तेवढ्यात निसटता स्पर्श हुकतो किंवा कोन चुकतो. उपाय म्हणून प्रत्येक फ्रेमचे आठ भाग करा आणि प्रत्येक भागात जागा थोडी पुढे नेऊन तपासा.

हीच रीत कॅरमला लावावीशी वाटेल, पण थेट चालणार नाही. स्ट्रायकर १५ ग्रॅमपर्यंत, सोंगटी पाच-साडेपाच ग्रॅमची. वजनं वेगळी असली की वाटा सरळ देता येत नाही आणि काटकोनही पडत नाही.

५. फिरकी

एवढ्यावर खेळ चालतो, पण खेळणाऱ्याला काहीतरी चुकतंय असं वाटत राहतं. कारण खरा पांढरा चेंडू घरंगळत येतो आणि धडकेनंतरही त्याची फिरकी त्याला पुढे ओढते. धडकेनंतरच्या वेगाचे ५/७ अधिक धडकेआधीच्या वेगाचे २/७ घ्या. वरच्या उदाहरणात (३.७१, −१.७१) येतं: वाट ३७ अंशांऐवजी जवळपास २५ अंशांनी वळते. समोरासमोर मारलात तर पांढरा जागीच न थांबता २/७ वेगाने मागोमाग जातो. चेंडू मागे ओढायचा असेल तर २/७ अधिक करण्याऐवजी वजा करा. हा बदल एकदम न करता दहा-पंधरा फ्रेममध्ये पसरलात तर वाट सुंदर वाकते.

६. नेम

डावी-उजवी कळ दाबून कोन बदला, स्पेस दाबून ठेवली की जोर वाढू द्या. कोनाची पायरी एक अंशाची ठेवलीत तर २०० ठिपक्यांवर नेम साडेतीन ठिपक्यांनी हलतो, म्हणजे अर्ध्या चेंडूने. बारीक कट (चेंडूच्या कडेला निसटता फटका) जमणारच नाही. कळ नुसती टिचकी मारून दाबली तर एक दशांश (०.१) अंश आणि दाबून धरली तर एक अंश, असं करा.

७. पॉकेट आणि गुण

पॉकेटची तपासणी कुशनच्या आधी करा, नाहीतर चेंडू तोंडाशी येऊन परत उडतो. गुण सोपे आहेत: तुमचा चेंडू दुसऱ्या दोन्हींना लागला तर २, लाल पॉकेटमध्ये गेला तर ३, प्रतिस्पर्ध्याचा गेला तर २. तुमचाच चेंडू लालला लागून पॉकेटमध्ये गेला तर ३, प्रतिस्पर्ध्याच्या चेंडूला लागून गेला तर २. यासाठी फटका सुरू झाल्यापासून तुमचा चेंडू कोणाला आधी लागला आणि कोणाला नंतर, ते साठवून ठेवा. लाल गेला की जागेवर परत मांडा. तुमचा चेंडू गेला की तो हातात येतो आणि पुढचा फटका टेबलाच्या एका टोकाकडे आखलेल्या ‘डी’च्या अर्धवर्तुळातून.

सगळं झाल्यावर लाल चेंडू त्याच्या जागेवर ठेवा, कोन आणि जोर ठरवून तोच फटका दहा वेळा मारा. दहाही वेळा तिन्ही चेंडू अगदी त्याच ठिपक्यावर थांबले पाहिजेत.